साहेब सगळ्यालाच ‘हो’ म्हणायला लागले, तेव्हा…

पत्र थोडक्यात असं:

ताई, मी ४४ वर्षांचा. नाशिकच्या सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. हाताखाली तीन सुपरवायझर आणि साठेक माणसं. माझा स्वभाव आधी ‘नाही’ म्हणण्याचा, म्हणून कंपनीने मला दोन दिवसांच्या ‘इम्प्रोव्ह’ वर्कशॉपला पाठवलं, म्हणजे संहितेशिवाय, ऐन वेळी सुचेल ते नाटक करायला शिकवतात तिथे. तिथे शिकवलं की समोरच्याला ‘हो, आणि…’ म्हणायचं. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी जाहीर करून टाकलं, आजपासून आपल्याकडे ‘नाही’ बंद. डिस्पॅचवाला म्हणाला, शनिवारी दोन गाड्या काढायच्या आहेत. म्हटलं, हो. मेंटेनन्सवाला म्हणाला, शनिवारी दोन नंबरचं सीएनसी मशीन दुरुस्तीला उघडायचंय. त्यालाही हो. शनिवारी दोघं माझ्या केबिनमध्ये एकमेकांच्या अंगावर जात होते. आता पोरं माझ्या माघारी मला ‘होसाहेब’ म्हणतात. घरी मुलगी अकरावी सायन्सला आहे. परवा जेवताना म्हणाली, “बाबा, मला वाटतंय सायन्स सोडून ड्रॉइंग करावं.” मी म्हटलं, “हो, आणि उद्याच फॉर्म आणू.” बायको ताटावरून उठली. मुलगी म्हणाली, “तुम्ही ऐकलंच नाहीत.” हे सगळं थोतांड आहे की माझंच काही चुकतंय? ता. क. पुढच्या महिन्यात हेच वर्कशॉप सुपरवायझरांसाठी ठेवायचं घाटतंय. पाठिंबा देऊ का?

नमस्कार.

थोतांड नाही. आणि काय चुकलं ते तुमच्या लेकीने तीन शब्दांत सांगून टाकलंय. मला फक्त ते जरा सोडवून दाखवायचं आहे.

आधी हा नियम आला कुठून ते बघू, कारण दोन दिवसांच्या वर्कशॉपात ते सांगायला कुणाला वेळ नसतो. शिकागोमध्ये हल हाऊस नावाची संस्था होती, बाहेरदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी काम करणारी. तिथे नीव्हा बॉइड या बाई खेळांतून शिकवायच्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या व्हायोला स्पोलिन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी रोजगार योजनेतून नाटकाचे वर्ग घेतले. समोरची बरीच पोरं स्थलांतरितांच्या घरांतली, प्रत्येक घरची भाषा वेगळी. त्यांच्याकडून संवाद घोकून घेण्यात अर्थ नव्हता. मग बाईंनी खेळ रचले: नसलेला चेंडू एकमेकांकडे फेकायचा, समोरच्याच्या हालचाली आरशातल्यासारख्या करायच्या. पोराचं लक्ष स्वतःवरून उठून चेंडूवर गेलं की ते लाजायचं विसरतं. स्पोलिनबाईंचा मुलगा पॉल सिल्स याने हे खेळ मोठ्यांच्या रंगमंचावर नेले. १९५९च्या डिसेंबरात शिकागोत सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’च्या संस्थापकांपैकी तो एक. तिकडे लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये कीथ जॉनस्टन आपल्या वाटेने साधारण तिथेच येऊन पोचले, आणि पुढे कॅनडात कॅलगरीला त्यांनी १९७७मध्ये ‘लूज मूस’ ही नाट्यसंस्था काढली.

या मंडळींकडे संहिता नसते, नेपथ्य नसतं. फार तर दोन खुर्च्या. एक नट लंगडत येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, हा पाय आता मला नको.” दुसऱ्याने “मी कुठे डॉक्टर?” म्हटलं की संपलं. रंगमंचावर दोन माणसं नुसती उभी, आणि प्रेक्षक घड्याळाकडे बघतायत. हे होऊ नये म्हणून ‘हो, आणि’.

पण तोच दुसरा नट असंही म्हणू शकतो: “अजिबात नाही. गेल्या महिन्यात तुम्ही हात काढून मागत होतात. आधी ती करवत खाली ठेवा.”

आता बघा. उत्तराची सुरुवात चक्क नकाराने झाली, तरी हे खणखणीत ‘हो, आणि’ आहे. आपण डॉक्टर आहोत हे त्याने मानलं, पाय मानला, वर करवत आणि गेल्या महिन्यातला हात पदरचा घातला. पेशंटची मागणी तेवढी धुडकावली. समोरच्याने जी परिस्थिती मांडली ती खरी धरायची, एवढाच या नियमाचा हुकूम. त्याने जे मागितलं ते द्यायचं की नाही, याबद्दल नियम काहीच बोलत नाही. तुम्ही नेमकं उलट केलंत. मागण्या सगळ्या मंजूर केल्यात आणि परिस्थिती कुणाचीच विचारली नाहीत.

शनिवारचंच घेऊ. डिस्पॅचवाला दोन गाड्या मागतो, तेव्हा त्याच्या मागे काहीतरी असतं. सोमवारी गिऱ्हाइकाची लाइन थांबेल आणि दंड लागेल, किंवा ट्रान्सपोर्टवाल्याकडे त्या दिवशी गाड्या रिकाम्या आहेत आणि हा आपली सोय बघतोय. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मेंटेनन्सवाला मशीन उघडायचं म्हणतो तेव्हाही तेच. स्पिंडलचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचा, आवाज बदललाय म्हणून घाबरलाय, की प्लॅनमध्ये तारीख पडलीय म्हणून? तुम्ही विचारलं असतंत तर उत्तर दोन मिनिटांत मिळालं असतं. समजा, दंडही खरा आहे आणि स्पिंडलही खरंच बोलतोय. मग दोघांना एकत्र बसवून म्हणायचं, “सोमवारी लाइन थांबता कामा नये हे मान्य. स्पिंडल बसला तर आठवडा जाईल हेही मान्य. आता बोला.” शुक्रवारच्या सेकंड शिफ्टला थोडा ओव्हरटाइम करून एक गाडी आधी काढता येईल. दोन नंबरच्या मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, चार नंबरवर चढवता येईल. किंवा काहीच होणार नाही, आणि मग एकाला ‘नाही’ म्हणावं लागेल. तो नकार तुम्हीच द्यायचा, दोघांच्या देखत, कारणासकट.

रंगमंचावर सगळे नट एकाच प्रवेशात असतात. तुम्ही मात्र वेगवेगळ्या खोल्यांत दोन प्रवेश लावलेत, दोन्हींत प्रमुख भूमिका स्वतः केलीत आणि शनिवारी दोन्ही खोल्यांमधली भिंत पाडलीत.

आणखी एक गोष्ट वर्कशॉपवाल्यांनी सांगितली नसावी. तिथे तुमच्यासमोर दुसरे मॅनेजर होते, तुमच्या बरोबरीचे. एकाने काही सुचवलं, दुसऱ्याने वाढवलं, हसलात, टाळ्या वाजवल्यात. शॉप फ्लोअरवर तुम्ही बोलता तो सल्ला नसतो, ऑर्डर असते. एखादा हेल्पर “हो, आणि” म्हणतो तेव्हा ती कल्पना असते. साहेब म्हणतो तेव्हा लोक कामाला लागतात. तुमच्या नुसत्या ‘हो’वर मेंटेनन्सवाल्याने स्पेअर मागवले असतील आणि डिस्पॅचवाल्याने गाड्या बुक केल्या असतील. त्यांचं काय चुकलं?

कीथ जॉनस्टन यांचं सगळ्यात कामाचं शिकवणं मला वाटतं यावरच आहे. त्यांनी नटांच्या लक्षात आणून दिलं की दोन माणसं समोरासमोर आली की कोण वरचढ आणि कोण खालचा, हे शब्दांच्या आधी अंगातून ठरत असतं. बोलताना मान न हलवणारा वरचढ वाटतो. पुन्हापुन्हा चेहऱ्याला हात लावणारा खालचा. मालक-नोकराचे प्रवेश ते असे करून घ्यायचे की नोकर हळूहळू वर चढतो, मालक खाली येतो, आणि प्रेक्षक खुर्चीच्या टोकाला येतात. तुमच्याकडे हे रोज चालतं. मीटिंगमध्ये तुम्ही टेबलाच्या डोक्याशी बसता का? सगळ्यात आधी तुम्हीच बोलता का? केबिनमध्ये बोलावता, की मशीनपाशी जाता? माझ्या मते तुमची सगळी सुधारणा इथे आहे. पंधरा दिवस फक्त एवढंच करा: मीटिंगमध्ये शेवटी बोला, आणि मशीनबद्दलचं बोलणं मशीनपाशीच करा. ‘हो, आणि’ हे शब्द तोंडातून काढूच नका.

मात्र खोटं खाली उतरू नका. खांद्यावर हात टाकून “अरे, मी तुमच्यातलाच” म्हणणारा साहेब पोरं पहिल्या चहाला ओळखतात.

इंग्रजी नाव आणि मार्कर-बोर्ड यामुळे हे सगळं बाहेरून आलंय असं वाटतं. पण सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्रीचा दशावतार पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. कोणतं आख्यान करायचं ते ठरतं, कुणी कधी प्रवेश करायचा ते ठरतं, बस. संवाद लिहिलेले नसतात. एक बाकडं, तेच सिंहासन. पेटी, मृदंग, झांज. दोन राजे समोरासमोर आले की शब्दाला शब्द तिथल्या तिथे जन्मतो, आणि समोरचा काय बोलला ते नीट ऐकल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. तमाशाच्या वगातलं बघा. राजा सिंहासनावर ताठ बसून गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारतो, सोंगाड्या उत्तर देतो आणि हशा वसूल करतो. त्या हशात अर्धा वाटा राजाचा. त्याने प्रश्न नेमका टाकला, मध्ये तोंड घातलं नाही, हसू दाबून धरलं. आपल्या नाटकवाल्यांत याच्या उलट वागणाऱ्या नटाला म्हणतात ‘पंच खातो’. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा हलतो, खोकतो, नाहीतर स्वतःची अ‍ॅडिशन घुसवतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत मी असे नट पाहिलेत आणि नंतर ट्रेनिंगच्या निमित्ताने कंपन्यांमध्ये असे साहेब पाहिलेत. ऑपरेटर म्हणतो, “साहेब, त्या फिक्स्चरला जर…” आणि साहेब म्हणतात, “हां हां, पिन बदलायची, माहितीय मला.” त्याला कदाचित पिनबद्दल बोलायचंच नव्हतं. पण आता तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

तुम्ही आधी ‘नाही’ म्हणणारे होतात तेव्हाही पंच खात होतात आणि ‘हो’ म्हणायला लागल्यावरही खाताय, असा मला दाट संशय आहे.

यावर एक सराव आहे, इम्प्रोव्हच्या वर्गांत हमखास करून घेतात तो. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलायचा आणि आपलं वाक्य त्याने सुरू करायचं. मराठीत हे करताना मजा होते, कारण निम्मी वाक्यं ‘आहे’वर संपतात आणि सगळे “आहे… आहे खरं…” करत बसतात. पण आपल्या भाषेसाठी तो सराव जास्तच गरजेचा आहे. आपल्याकडे ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो. “तो जॉब रिजेक्ट करायचा विचार मी केला…” इथवर ऐकून तुम्ही ओरडायला लागलात, आणि पुढे होतं “नव्हता”. घरी दोघा-तिघांत खेळून बघा. फॅक्टरीत नको, आणखी एक टोपणनाव पडेल.

आता जिथे हे अजिबात चालवायचं नाही ते सांगते. दशावतारात संवाद मोकळे असले तरी दुर्योधन युद्ध जिंकत नाही. आख्यान पक्कं असतं म्हणून नट बेधडक बोलू शकतो. तुमच्याकडे सेफ्टी आणि क्वालिटी हे आख्यान. गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, काढून मशीन चालवायचं का, या प्रश्नाला ‘आणि’ नाही. माप तपासायच्या गेजमध्ये जॉब बसला नाही तर बसला नाही. त्यावर कुणाची कल्पना वाढवायची नाही. मशीन उघडताना मेन स्विचला कुलूप लावायचं, तर लावायचंच. ‘आजपासून नाही बंद’ असं तुम्ही साठ माणसांपुढे बोललात, तेव्हा त्यात हेही आलं असं एखाद्या नव्या पोराला वाटलं असेल तर? उद्या सकाळीच हे मागे घ्या. बाकीचं सावकाश केलंत तरी चालेल.

चुकांबद्दलही थोडं. इम्प्रोव्हच्या वर्गात चुकलेला माणूस दोन्ही हात वर करून झोकात वाकतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. चुकायची भीती मोडायला ते छान आहे. पण वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला सकाळच्या मीटिंगमध्ये हे करायला लावलंत तर तो मनातल्या मनात तुमचं श्राद्ध घालेल. त्यातला गाभा तेवढा घ्या. कुणी येऊन सांगितलं, “साहेब, चुकीचा इन्सर्ट लावला, तीस पीस गेले,” तर पहिलं वाक्य असू द्या, “बरं झालं लगेच सांगितलंत.” दुसरं, “तीसवर कसं लक्षात आलं?” वसुली, मेमो, जे काय असेल ते नंतर. कारण आज तीसवर सांगणारा उद्या गप्प बसला, तर पुढच्या शिफ्टला तीनशे जातील आणि ते थेट गिऱ्हाइकाकडे सापडतील.

स्पोलिनबाईंची एक पद्धत तुमच्या सुपरवायझरांना शिकवण्यासारखी आहे. खेळ चालू असताना त्या तो थांबवत नसत. बाजूला उभं राहून एखादा शब्द टाकायच्या, “चेंडूकडे बघ!” एवढाच. खेळ चालू, सूचनाही पोचली. सुपरवायझर बहुतेक वेळा लाइन थांबवून भाषण देतो. त्यापेक्षा “कूलंट बघ” म्हणून पुढे जावं.

आता घरी येऊ.

तुमची मुलगी म्हणाली, “मला वाटतंय…” त्या दोन शब्दांत किती काय होतं! फिजिक्स डोक्यावरून जात असेल. क्लासमध्ये कुणी काही बोललं असेल. किंवा खरंच चित्रकलेचा ध्यास असेल आणि तिने तो वर्षभर तुमच्यापासून लपवला असेल. तुम्ही ‘हो’ म्हणालात, पण ज्याला ‘हो’ म्हणालात ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तिला तो होकार दार लावून घेतल्यासारखा वाटला असणार: विषय संपला, फॉर्म आणू, जेव आता. परिस्थिती खरी धरायची असती तर म्हणायचं होतं, “हे बरेच दिवस मनात आहे का?” आणि मग गप्प. खरंच गप्प; हातातला घास तसाच, मोबाइल पालथा. माझ्या माहितीप्रमाणे बी.एफ.ए.ला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, जायला बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि पुढे सीईटी असते. म्हणजे उद्या फॉर्म आणण्यासारखी घाई मुळात नाही. दोन वर्षं सायन्स करत ड्रॉइंगचा हात चालू ठेवता येतो, किंवा आर्ट्सला जाऊनही. हे तिला माहीत असेलही. तुम्हाला माहीत करून घ्यायचंय हे तिला दिसू द्या.

आणि वहिनी ताटावरून उठल्या त्या चित्रकलेवर चिडून नव्हे, असं मला वाटतं. मुलीच्या शिक्षणाचा निर्णय तुम्ही आमटी वाढून व्हायच्या आत एकट्याने घेऊन टाकलात. त्या प्रवेशात त्या होत्याच की, समोर बसलेल्या. आधी त्यांच्याशी बोला, मुलीच्या माघारी. “मी घाई केली, तुला काय वाटतं” एवढं म्हणा आणि त्या जे बोलतील ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. ‘आणि’ घालू नका.

‘होसाहेब’ या नावाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते बरंच टोचलंय. इम्प्रोव्हच्या भाषेत पोरांनी तुमच्याकडे चेंडू टाकलाय. रागावलात तर तो खाली पडेल आणि नाव कायमचं चिकटेल. उद्याच्या मीटिंगमध्ये ‘नाही बंद’चा हुकूम मागे घ्यायचाच आहे, तर तिथेच झेला: “ऐकलं, माझं बारसं झालंय. तर होसाहेबांचं पहिलं ‘नाही’ असं: गार्ड, गेज आणि कुलूप यात तडजोड नाही. बाकी काय अडतंय ते बोला, मी शेवटी बोलतो.” हसतील. हसू द्या. मग खरंच शेवटी बोला.

राहिला ता. क. सुपरवायझरांच्या वर्कशॉपला पाठिंबा द्या, पण काही गोष्टी आधी ठरवून घ्या. ते शिफ्टच्या वेळेत, भरपगारी व्हावं. साप्ताहिक सुट्टी खाऊन शिकवलेला मोकळेपणा कुणी घेत नाही. वर्ग मराठीत व्हावा. कुणाला जबरदस्तीने पुढे ओढू नये. बसून बघणाराही शिकतो. दोन दिवस सलग घेण्याऐवजी आठवड्याला दीड तास असे सहा-सात आठवडे मिळाले तर घ्याच, कारण हे नट सुद्धा आठवड्याच्या आठवड्याला तालीम करतात; ऐन वेळी सुचतं ते त्या तालमीमुळे. आणि तुम्ही त्या बॅचमध्ये बसू नका. साहेब समोर असले की तिघंही सगळ्याला ‘हो’ म्हणतील.